पाच नंबरचा आवाज

१

बुधवारी संध्याकाळी हेदरक्लफ या लोकरगिरण्यांच्या गावातल्या चॅपेलात, म्हणजे प्रार्थनाघरात, तालमीला दोनशे माणसं जमली, पण गाण्याचं पुस्तक कुणी उघडलं नाही. सगळे दाराशेजारच्या फळीपाशी दाटीवाटीने उभे होते. सेक्रेटरी ओल्डरॉइड यांनी तिथे आवाज-परीक्षेचा निकाल खिळ्यांनी ठोकला होता, आणि त्यात काहीतरी लबाडी आहे हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं होतं.

ही परीक्षा दर तीन वर्षांनी होते. पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येकाने पडद्यामागे उभं राहून एकट्याने गायचं. पडद्यापलीकडे लीड्सहून बोलावलेला परीक्षक बसतो. त्याला नाव कळत नाही, फक्त नंबर कळतो. आवाज उतरला असेल तर बाकावरची जागा जाते. बाप त्या जागेवर बसत होता, आजा बसत होता, असलं काही चालत नाही. नाताळाआधीच्या शनिवारी प्रभूच्या जन्माचं मोठं गान होतं, दोनशे वर्षांपूर्वीचं, तीन तासांचं, आणि त्यात बाकावर नसणं म्हणजे हेदरक्लफमध्ये जिवंतपणी विस्मरणात जाणं.

ऑल्टोचा, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरांचा बाक सेलिना सग्डेनच्या ताब्यात होता. सेलिना बासष्ट वर्षांची. एक्केचाळीस वर्षं मागावर उभी राहिलेली, सहा पोरं वाढवलेली. शाळेत गेली ती जेमतेम दोन हिवाळे. छापलेलं वाचायची, हाताने लिहिलेलं वाचायचा तिला कंटाळा होता, निदान ती तसं म्हणायची.

तिचा नंबर चार. शेरा होता : ‘कसाबसा पुरेसा.’

त्याच्याखाली पाच नंबर, केझाया हेग. शेरा : ‘उत्कृष्ट. ऑल्टोचा असा स्वच्छ स्वर बऱ्याच वर्षांत ऐकला नाही.’

“केझाया?” नर्स क्लेग म्हणाली. ती वरच्या सुरांत गाते आणि बोलतेही. “अहो, परीक्षेच्या दिवशी, शनिवारी दोन वाजता मीच तिच्या छातीला पोटीस बांधलं. झोपेचं औषध पाजलं. तीन वाजता ही बाई इथे येऊन गायली? तिला उशीवर कूस बदलता येत नव्हती.”

ओल्डरॉइडनी चष्मा पुसला. बँकेतला माणूस, प्रत्येक गोष्ट पुसून पाहणारा.

“मिसेस सग्डेन, जरा या बाजूला. तुमचा नंबर चार, तीनला पाच कमी असताना. पाच नंबर लगेच तुमच्यामागे. तुम्ही मागच्या दाराने बाहेर गेलात. केझाया तुमची जिवाभावाची मैत्रीण. तिची शाल डोक्यावरून घेऊन पुन्हा आत यायला किती वेळ लागतो?”

“म्हणजे मी दोनदा गायले?”

“मी असं म्हणत नाही. लोक म्हणतील.”

“लोकांना सांगा, त्या पाच नंबरसारखं मला गाता आलं असतं तर मी आधी स्वतःच्या नावावर गायले असते. कसाबसा पुरेसा घेऊन घरी गेले नसते.”

मागे कुणीतरी हसलं. ओल्डरॉइड हसले नाहीत.

“नियम सरळ आहे. दुसऱ्याच्या नावावर गाणारा या वृंदात पुन्हा कधी उभा राहणार नाही. शुक्रवारी कमिटी बसतेय. तोवर पाच नंबर कोण ते कळलं नाही, तर शनिवारी तुम्हा दोघींची नावं यादीत नसतील.”

२

गुरुवारी सकाळी सेलिना टेकडी चढून हेगांच्या घरी गेली. दारातच जोनस भेटला, केझायाचा नवरा. लहान चणीचा, वाळक्या अंगाचा, जन्मभर लोकर विंचरून विंचरून स्वतःच लोकरीसारखा मऊ झालेला माणूस. हातात कोंबड्यांच्या दाण्याचं भांडं.

“जागी आहे का ती?”

“जागी आहे, आणि चिडलेली आहे.”

“मग बरी आहे.”

केझाया उशांना टेकून बसली होती. चार शब्द बोलली की थांबायची, श्वास गोळा करायची.

“आधीच सांगते, सेलिना. मी गेले नव्हते. मला काही माहीत नाही. आणि तू माझ्या नावावर गायली असशील तर ते मला आवडलेलं नाही.”

“मला तू एवढी आवडत नाहीस.”

“ते माहीत आहे मला.”

“शाल कुठे होती तुझी?”

“खुंटीला. संध्याकाळी उठले तेव्हा ओली होती. मला वाटलं, ऑलिव्ह घेऊन गेली असेल.”

ऑलिव्ह म्हणजे केझायाची सून. शनिवारी तिला आजारणीपाशी बसायला ठेवलं होतं. डोंगरापलीकडची पोरगी, म्हणजे शेजारच्या लँकेशर परगण्यातली. हेदरक्लफमध्ये हा दोष सहज माफ होत नाही. पण तिच्या गळ्यात खालचा सूर होता, भरघोस होता. वृंदात घ्यायला तिला अजून वर्ष होतं.

“आणि जोनस?”

“त्याचं काय? शनिवारी दुपारी तो वर खुराड्यापाशी असतो. माझ्यापेक्षा कोंबड्यांचं त्याला जास्त.” केझाया खोकली, पुष्कळ वेळ खोकली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, “ती जागा गेली तर मी या पलंगावरून उठणार नाही, सेलिना. बुधवार आहे म्हणून मी मंगळवारी केस धुते. बुधवारच नसला तर कशाला धुवायचे?”

सेलिनाने पांघरूण नीट केलं, तेही जरा धसमुसळेपणाने.

बाराच्या भोंग्याला ती गिरणीच्या दाराशी उभी राहिली. ऑलिव्ह बाहेर आली. डोक्याला घट्ट रुमाल, हातात पावाचा तुकडा.

“शनिवारी तीन वाजता कुठे होतीस?”

“सासूबाईंजवळ.”

“खोटं बोलायचं तर जरा विचार करून बोल. तुझ्या डोळ्यांदेखत शाल खुंटीवरून उठून फिरायला गेली का?”

ऑलिव्हने पाव खाली घेतला.

“मी तासभर घरात नव्हते, मिसेस सग्डेन. पण कुठे होते ते सांगितलं तर मला घरातून काढतील.”

३

“कोण आहे तो?” सेलिनाने विचारलं.

ऑलिव्हने इकडे तिकडे पाहिलं आणि रुमाल मागे सरकवला. केस कानाच्या वर कापलेले. मान उघडी, पोरासारखी.

“स्टेशनजवळच्या न्हाव्याकडे. तीन वाजता खुर्चीत होते. त्याने सगळ्या दुकानासमोर कापले, हवं तर विचारा. कंबरेपर्यंत होते हो. सासूबाई म्हणतात, केस कापणारी बाई देवासमोर गाऊ शकत नाही.”

“तुझी सासू पुष्कळ काही म्हणते.” सेलिनाने ती मान नीट न्याहाळली. “मागून वाकडे कापलेत. घालून टाक तो रुमाल. मी काही पाहिलं नाही.”

न्हाव्याला तिने विचारलंच. मुलगी खरं बोलत होती.

मग ती चॅपेलात गेली. परीक्षेच्या दिवशी मागचं दार मिसेस बूथ सांभाळते. ती तिथली झाडलोट करते. प्रत्येकाला आपापल्या वेळेला मागून आत घ्यायचं, नावापुढे खूण करायची, नंबर हातात द्यायचा. एकाने दुसऱ्याला ऐकू नये, पाहूही नये. मिसेस बूथची नजर आता तिच्या झाडूच्या टोकापर्यंतच पोचते, पण हे सांगण्याची कुणाची छाती नाही.

“केझायाच होती,” मिसेस बूथ म्हणाली. “तिची करडी शाल मी ओळखत नाही होय? तोंडावरून घेतली होती, थंडी होती ना. छाती धरलेली म्हणून बोलली नाही. मान हलवली, नंबर घेतला, गेली वर.”

“जिना चढून?”

“मग काय उडून? बाकीच्यांना मधे दोनदा टेकावं लागतं. तुम्हीसुद्धा टेकलात. केझाया एका दमात गेली. मला बरं वाटलं, म्हटलं सुधारतेय.”

“सतरा पायऱ्या एका दमात.”

“हो. कठड्यालाही हात लावला नाही.”

“आणि गाऊन झाल्यावर? चहा घेतला का?”

“नाही. आल्याचा केक पुढे केला, तोही नाही. घाईत होती. म्हणजे घाईत होती असं तेव्हा वाटलं.” मिसेस बूथने झाडू भिंतीला टेकवला. “आता तुम्ही विचारताय म्हणून सांगते. ती रडत होती हो, सेलिना. शालीच्या आत. असं छान गाऊन कुणी रडतं का?”

४

शुक्रवारी कमिटीच्या तासभर आधी सेलिना ओल्डरॉइडच्या खोलीत जाऊन बसली. भिंतींवर वृंदाचे जुने फोटो ओळीने लावलेले.

“परीक्षकाचा सगळा कागद वाचा. फळीवर तुम्ही एकेक ओळ लावलीत. त्याने जास्त लिहिलं असणार. लीड्सच्या माणसाला कमी लिहिता येत नाही.”

“तुम्हीच वाचा ना.”

“चष्मा घरी राहिला.”

सेलिनाकडे चष्मा नव्हताच कधी. ओल्डरॉइडना ते माहीत असावं. त्यांनी मुकाट्याने कागद काढला, आणि त्यामुळे सेलिनाच्या मनात ते एक पायरी वर चढले.

“पाच नंबर. ‘वरचे आणि मधले सूर काचेसारखे स्वच्छ. कंप नाही. लांब ओळ एका श्वासात. सगळ्यात खालचे दोन सूर मात्र गाळले, जणू तिथे जायची भीती वाटते. शेवटच्या आमेनमध्ये उपान्त्य सूर छापलेल्या दोन मात्रांऐवजी चार मात्रा धरला. चूक आहे, पण सुंदर धरला.’ एवढंच.”

“ती मात्रांची ओळ परत वाचा.”

त्यांनी वाचली. सेलिना हातावर बोट आपटत मोजत राहिली.

“बाकी कुणी चार धरल्या?”

“नाही. सगळ्यांनी दोन. तुम्हीही दोन. मास्तर टॅटरसॉलनी सगळ्यांना दोनच शिकवल्यात.”

“टॅटरसॉल कधी आले?”

“एकोणीसशे पाचला. तुम्ही आलात त्याच वर्षी.”

“आणि त्याच्याआधी?”

“आधी म्हातारे मास्तर शार्प होते. ते चार धरायला लावायचे. आजूबाजूच्या सगळ्या गावांत हेदरक्लफचं आमेन म्हणून चेष्टा व्हायची.” ओल्डरॉइड थांबले. “पण पाच सालच्या आधी शिकलेली, असं म्हणायचंय तुम्हाला? मग ऑलिव्ह नाही. तरुण कुणीच नाही.”

“तरुण नाही आणि म्हातारीही नाही. मिस्टर ओल्डरॉइड, बाई म्हातारी झाली की तिचे वरचे सूर जातात आणि खालचे तेवढे उरतात. माझ्याकडे बघा. मी आता दाराच्या बिजागरीसारखी गाते, पण खालचे दोन सूर माझ्यापासून देवही काढून घेऊ शकत नाही. हिचं उलटं आहे. वरचे शाबूत, खालचे नाहीत. अशी बाई मी पाहिलेली नाही.”

“मग?”

सेलिना उठली आणि भिंतीवरच्या एका फोटोसमोर उभी राहिली. एकोणीसशे तीनचा वृंद, जिन्यावर पाच रांगा. वरच्या सुरांच्या बायका पांढऱ्या कपड्यांत डावीकडे. तिने उजवीकडच्या ऑल्टोच्या गटावर बोट ठेवलं.

“मोजा.”

ओल्डरॉइड जवळ आले. त्या गटात अठरा जण होते. अठराही जणांना मिशा होत्या.

“तेव्हा पुरुष गायचे ऑल्टो,” ते सावकाश म्हणाले. “बारीक आवाज काढून. मी लहान होतो.”

“वर बारीक आवाज, आणि खाली उतरले की आवाज फुटून मूळचा जाडा बाहेर पडायचा. म्हणून खालचे सूर टाळायचे. चार मात्रांचं आमेन ऑल्टोत शिकलेली एकही बाई या गावात नाही, कारण तेव्हा ऑल्टोच्या बाकावर बाईच नव्हती. तुमचा पाच नंबर पुरुष आहे.” तिने बोट फोटोवर सरकवलं, दुसऱ्या रांगेतल्या टोकाच्या, लहान चणीच्या, वाळक्या अंगाच्या एका तरुणावर थांबवलं. “आणि कमिटीला अर्धा तास थांबायला सांगा. मला टेकडी चढायचीय, आणि मी मधे दोनदा टेकते.”

५

जोनस खुराड्यापाशी होता. तिला येताना पाहून त्याने हातातलं दाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि टोपी काढली, जणू पोलीस आला.

“चार मात्रा,” सेलिना म्हणाली.

त्याने खुराड्याचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, “हात सवयीने आपोआप जुन्या जागी जातो तसं झालं. धरला गेला. सोडवेना.”

“केझायाला माहीत आहे?”

“नाही. औषधाने झोपली होती. ऑलिव्ह बाहेर पडली. मी खुराड्यापासून पाहिलं आणि वाटलं, आता परीक्षेला कुणी गेलं नाही तर तिची जागा जाणार. शाल घेतली. एवढंच डोक्यात होतं, खरं सांगतो. जिना चढेपर्यंत एवढंच होतं.”

“आणि मग?”

“मग पडद्यापलीकडे परीक्षकाने बाजाची पेटी सुरू केली.” त्याने टोपी हातात फिरवली. “सेलिना, बावीस वर्षं मी हे गान बाहेर उभं राहून ऐकतो. दर नाताळाला. आत तिकीट काढून बसायला लाज वाटते. पाचच्या साली तू गिरणीतल्या बारा जणी घेऊन तालमीला आलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘धडधाकट गडी मांजरासारखे केकाटतात, यांना घरी पाठवा, बायकांची जागा बायकांना द्या.’ सगळे हसले. टॅटरसॉल हसला. केझायासुद्धा हसली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही कुणी आलो नाही.”

“केकाटतात असं नव्हते म्हणाले.”

“असंच म्हणालीस.”

सेलिनाला आठवत होतं. असंच म्हणाली होती. तेव्हा तिला ते फार छान जमलं असं वाटलं होतं.

“बायकांनी गायलाच हवं होतं,” ती म्हणाली. “ते मी पुन्हाही करेन. मांजराचं चुकलं.”

जोनसला हे आयुष्यभरात ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

“चल, टोपी घाल. आधी तुझ्या बायकोकडे.”

केझायाने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही खोकली नाही. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, “माझ्या नावावर गायलास. मला न विचारता. उत्कृष्ट?”

“उत्कृष्ट,” जोनस खाली बघत म्हणाला.

“मला कधी उत्कृष्ट मिळालं नाही.” ती उशीला टेकली. “उन्हाळ्यापासूनच माझा श्वास पुरत नाही, सेलिना. मागच्या तीन तालमींत मी नुसते ओठ हलवले. तू शेजारी उभी असून बोलली नाहीस.”

“तू ओठ छान हलवतेस.”

“तर आता जाऊन सांग त्यांना. माझं नाव मीच काढते, दुसऱ्या कुणी काढायचं नाही. आणि ऑलिव्हला सांग, रुमाल काढ म्हणावं. मी छातीने आजारी आहे, डोळ्यांनी नाही.”

कमिटीसमोर सेलिनाने सरळ सांगितलं, काही झाकलं नाही. ओल्डरॉइडनी नियमांचं पुस्तक उघडलं. दुसऱ्याच्या नावावर गाणारा वृंदात पुन्हा उभा राहणार नाही.

“हा नियम आज बाकावर असलेल्या सभासदासाठी,” सेलिना म्हणाली. “हा सभासद कुठे आहे? याला आपणच घालवलं. मी घालवलं, तुम्हाला नाव हवं असेल तर. आता मास्तरांनी सांगावं, त्यांना तो सूर हवा की नको.”

मास्तर टॅटरसॉल जागेवरून उठले आणि पियानोपाशी जाऊन बसले. “पडदा नको,” एवढंच म्हणाले.

जोनस सगळ्यांसमोर गायला. सूर थरथरला नाही. शेवटी दोन मात्रांवर थांबताना त्याला कष्ट पडले ते सगळ्यांना दिसलं. ओल्डरॉइडनी पुस्तक मिटलं, केझायाचं नाव खोडलं आणि खाली नवीन नाव लिहिलं. सेलिनाचं नाव होतं तिथेच राहिलं, कसंबसं पुरेसं.

शनिवारी चॅपेल तुडुंब भरलं. ऑल्टोच्या बायका काळ्या पोशाखात ओळीने आत गेल्या, आणि त्यांच्यामागून रविवारच्या सुटात जोनस. बाकाच्या टोकाशी तो अडला. दोघी तरुण पोरी तोंडावर पुस्तक धरून हसल्या. सेलिनाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, त्या थांबल्या. मग ती सरकली. बावीस वर्षांत ती त्या बाकावर कुणासाठी सरकली नव्हती. जोनस तिच्या शेजारी बसला आणि तीन तास दोनशे आवाजांत त्याचाही आवाज होता.

वर सज्जात पहिल्या रांगेत केझायाला पांघरुणात गुंडाळून बसवलं होतं, शेजारी ऑलिव्ह, उघड्या डोक्याने. गान संपल्यावर सेलिना जिना चढून वर गेली. केझायाने तिची बाही धरली.

“इथून मला सगळे एकत्र ऐकू येतात. तू शेजारी होतीस. खरं सांग, कसा गायला?”

“बरा गायला,” सेलिना म्हणाली. “बाई असता तर आणखी बरा गायला असता.”